नवरा हात उचलतो आणि सोमवारी नऊला मीटिंग आहे: अमेरिकेत नव्याने नोकरीला लागलेल्यांसाठी

अमेरिकेतल्या नोकरीच्या पहिल्या आठवड्यात सह्या करायला कागदांचा गठ्ठा येतो. त्यात रजेच्या नियमांमध्ये कुठेतरी घरगुती हिंसाचारावर एखादा परिच्छेद असतो, आणि बऱ्याच कंपन्यांत 'एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम', म्हणजे ईएपीचा, एक फोन नंबरही असतो. दोन्ही सहसा कोणी वाचत नाही. नुकतंच लग्न होऊन एडिसनला किंवा फ्रीमाँटला आलेल्या मुलीला तर हा आपला विषयच वाटत नाही. ज्या दिवशी वाटतो, त्या दिवशी हँडबुक उघडायची उसंत नसते, आणि घरातला लॅपटॉप ज्याच्या ताब्यात असतो त्याच्यापासूनच लपायचं असतं. म्हणून आज गरज नसली तरी वाचून ठेवा. मैत्रिणीला लागेल.

बायकांना उद्देशून लिहितेय, पण मार खाणारा पुरुष असो किंवा जोडपं समलिंगी असो, यातले जवळजवळ सगळे नियम त्यांनाही लागू होतात. आणि छळ म्हणजे फक्त मारहाण नव्हे. पगार परस्पर काढून घेणं, पासपोर्ट कुलपात ठेवणं, दिवसभरात चाळीस फोन करून ऑफिसात बसू न देणं, 'तुझा व्हिसा रद्द करतो' म्हणून धमकावणं, हे सगळं त्यात येतं. आत्ता या क्षणी जिवाला धोका असेल, तर वाचत बसू नका, ९११ लावा.

सगळ्यांना सारखी मदत मिळत नाही, हे आधी मान्य करू

अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २००३ ते २०१४ या काळातल्या १८ राज्यांतल्या स्त्रियांच्या खुनांची नोंद तपासली. दर लाख स्त्रियांमागे वर्षाला कृष्णवर्णीय ४.४, मूळनिवासी ४.३, गोऱ्या १.५ आणि आशियाई १.२, असे ते आकडे आहेत. ज्या खुनांमागची परिस्थिती कळली, त्यांतल्या निम्म्याहून अधिक खुनांचा संबंध जोडीदाराच्या हिंसेशी होता. त्याच संस्थेच्या २०१० ते २०१२ च्या सर्वेक्षणात आयुष्यात कधी तरी जोडीदाराकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा किंवा पाठलाग सोसल्याचं सुमारे ४५ टक्के कृष्णवर्णीय, ३७ टक्के गोऱ्या आणि १८ टक्के आशियाई स्त्रियांनी सांगितलं.

आशियाई आकडा सगळ्यात कमी. तो बघून आपल्या मंडळातले काका लगेच 'आपल्यात असलं काही नसतं' म्हणायला मोकळे होतात. पण ते सर्वेक्षण फोनवर, इंग्रजी आणि स्पॅनिश या दोनच भाषांत होतं. सासू शेजारच्या खोलीत असताना अनोळखी माणसाला इंग्रजीत हे सांगणारी सून किती ठिकाणी भेटेल, याचा ज्याने त्याने विचार करावा.

झाकून ठेवण्याची ही सवय फक्त आपली नाही. किंबर्ले क्रेनशॉ या कृष्णवर्णीय कायदेतज्ज्ञ बाईंनी १९९१ साली लिहून ठेवलंय की लॉस एंजेलिस पोलिसांकडे त्यांनी वस्तीनिहाय घरगुती हिंसाचाराचे आकडे मागितले, तर ते मिळाले नाहीत. आकडे बाहेर आले तर आमचे लोक हिंसक आहेत या समजाला खतपाणी मिळेल, अशी भीती वर्णाने अल्पसंख्य समाजांच्या प्रतिनिधींनाही वाटत होती. समाजाची अब्रू वाचली, घरातली बाई तशीच राहिली. त्याच लेखात एका स्पॅनिश बोलणाऱ्या बाईची हकीकत आहे. नवऱ्याने जिवे मारायची धमकी दिलेली, ती मुलासह घराबाहेर पडलेली. इंग्रजी पुरेसं येत नाही म्हणून निवारागृहाने तिला घेतलं नाही.

नोकरीच्या जागी हा भेद उघड नसतो. सलग तीन सोमवार उशिरा आलेल्या गोऱ्या सहकाऱ्याला 'सगळं ठीक आहे ना?' असं विचारलं जातं. कृष्णवर्णीय बाईच्या बाबतीत तेच 'ॲटिट्यूड' ठरतं. आणि आपल्याकडची मुलगी 'शांत आहे, कामात लक्ष नाही' एवढ्यावर निकालात निघते. त्यात कामाचा प्रकार येतो. फेडरल कौटुंबिक व वैद्यकीय रजेचा कायदा, एफएमएलए, देशातल्या जेमतेम ५६ टक्के कामगारांना लागू पडतो. दुकानात, गोदामात, वृद्धाश्रमात तासावर काम करणाऱ्या बायका बहुतांशी त्याच्या बाहेर राहतात, आणि त्या कामांत कृष्णवर्णीय, लॅटिना आणि स्थलांतरित बायकांची संख्या मोठी आहे.

या सगळ्यातून मला एकच गोष्ट सांगायची आहे. नियमात जे लिहिलंय ते निदान मागता तरी येतं. जे मॅनेजरच्या मर्जीवर सोडलंय तिथे रंग, उच्चार आणि व्हिसा आडवे येतात. तेव्हा आपलं प्रत्येक मागणं मर्जीतून काढून नियमात बसवायचं. पुढच्या पायऱ्या त्यासाठी आहेत.

पायरी १: बोलायला सुरक्षित फोन

फोन फॅमिली प्लॅनवर आहे का, गुगल किंवा ॲपल खातं दोघांचं एकच आहे का, गाडीचं ॲप त्याच्या फोनवर आहे का, हे पाहा. लगेच बंद करू नका. अचानक बंद केलेलं लोकेशन हीच त्याला मिळालेली खबर ठरते. घर सोडायच्या सुमाराचा काळ सगळ्यात धोक्याचा असतो. त्याआधी ऑफिसच्या फोनवरून, जेवणाच्या सुट्टीत, घरगुती हिंसाचाराच्या राष्ट्रीय हेल्पलाइनला फोन करा: १-८००-७९९-७२३३. ती चोवीस तास चालते. बोलता येत नसेल तर ८८७८८ वर 'स्टार्ट' असा इंग्रजी शब्द टेक्स्ट करा. दुभाषी हवा असेल तर स्पष्ट 'मराठी' सांगा, नाहीतर हिंदी बोलणारं कोणीतरी लाइनवर येतं.

दक्षिण आशियाई बायकांसाठी काम करणाऱ्या संस्था वेगळ्या आहेत: न्यू जर्सीत १९८५ पासूनची 'मानवी', न्यूयॉर्कमध्ये १९८९ पासून 'सखी', बे एरियात 'मैत्री' आणि 'नारिका', ह्यूस्टनमध्ये 'दया', शिकागोत 'अपना घर', अटलांटात 'रक्षा'. सासरच्यांचे रोजचे व्हिडिओ कॉल, लॉकरमधले दागिने, पुण्यातल्या फ्लॅटवरचं नाव, हे तिथे पहिल्यापासून समजावून सांगावं लागत नाही. मी तरी सुरुवात तिथूनच करा म्हणेन.

आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर पुरावे साठवू नका. नोकरी गेली की त्याच दुपारी लॉगिन बंद होतं. नवऱ्याला माहीत नसलेलं नवं ईमेल खातं उघडून फोटो, धमक्यांचे स्क्रीनशॉट, पासपोर्ट, आय-९४ (देशात आल्याची सरकारी नोंद) आणि लग्नाच्या दाखल्याच्या प्रती तिथे ठेवा.

पायरी २: एचआरच्या आधी व्हिसा

आपल्या लोकांचं घोडं इथेच अडतं, म्हणून जरा थांबून सांगते.

तुमचा स्वतःचा एच-वनबी, म्हणजे नोकरीवर मिळणारा व्हिसा, असेल, तर तो नवऱ्यावर अवलंबून नाही. घटस्फोटाने त्याला धक्का लागत नाही. मात्र एक बारीक गोष्ट फार जणींना माहीत नसते: हा व्हिसा कामाच्या जागेला बांधलेला असतो. न्यू जर्सीतून निघून डॅलसला बहिणीकडे गेलात आणि तिथून लॅपटॉपवर काम चालू केलंत, तर कंपनीला सहसा त्याआधी सुधारित अर्ज भरावा लागतो. थोड्या दिवसांची सवलत आहे, पण वकिलाला विचारूनच. बिनपगारी रजा घेतलीत, तर ती तुम्ही स्वतः मागितली हे लेखी असू द्या. कंपनीने तुम्हाला नुसतं बसवून ठेवलं असं दिसता कामा नये.

एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या एच व्हिसावर अवलंबून असलेल्या जोडीदाराच्या व्हिसावर, असाल तर घटस्फोट झाला की तो दर्जा जातो, आणि त्यावर मिळालेला कामाचा परवानाही. नवऱ्याच्या हातातला हाच सगळ्यात मोठा हुकूमाचा पत्ता. पण अशाच परिस्थितीसाठी आय-७६५व्ही नावाचा फॉर्म आहे. एच व्हिसावरच्या माणसाच्या छळलेल्या जोडीदाराला त्यातून स्वतंत्र कामाचा परवाना मागता येतो. लग्न छळामुळे मोडलं असेल तर घटस्फोटानंतर दोन वर्षांपर्यंतही. त्याने कायमचं राहायला मिळत नाही, पण पगार चालू राहायची सोय होऊ शकते. नवरा नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असेल तर १९९४ च्या 'वावा' या स्त्रियांवरील हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याखाली त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करता येतो. गुन्ह्याला बळी पडलेल्यांसाठी यू-व्हिसा आहे, पण त्याला पोलीस किंवा सरकारी वकिलाचं प्रमाणपत्र लागतं आणि वर्षाला दहा हजारांचीच मर्यादा असल्याने रांग कित्येक वर्षांची आहे. या अर्जांची माहिती नवऱ्याला द्यायला इमिग्रेशन खात्याला कायद्याने बंदी आहे. हे वाक्य दोनदा वाचा, कारण 'मला सगळं कळतं' ही धमकी हे माहीत नसण्यावरच चालते.

यातलं काहीही कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला विचारू नका. तो कंपनीचा वकील असतो. वर दिलेल्या संस्था स्वतंत्र वकील गाठून देतात.

पायरी ३: सांगायचं कोणाला

सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. पहिला फोन ईएपीला. तिथली काही सत्रं फुकट असतात आणि तुमच्या नावानिशी तपशील सहसा कंपनीकडे जात नाही. तरी पहिल्याच मिनिटाला 'हे कोणाला कळवलं जातं?' असं विचारून घ्या. मग एचआर. मॅनेजरला शेवटी, आणि त्याला फक्त वेळ आणि जागा यांच्यापुरतंच.

तुम्ही कन्सल्टन्सीतून क्लायंटकडे काम करत असाल तर तुमचा एचआर कन्सल्टन्सीचा, पण दारातला सिक्युरिटी गार्ड क्लायंटचा. दोन्हीकडे वेगळं सांगावं लागतं. कन्सल्टन्सी लहान आणि देशी असेल, मालक आणि तुमचा नवरा एकाच मंडळाच्या गणपतीला आरतीला उभे राहत असतील, तर तिथे तोंडी एक शब्द बोलू नका. आधी संस्थेशी बोला, मग जे काय मागायचं ते लेखी.

पायरी ४: लेखी मागणं

'मला जरा घरी प्रॉब्लेम आहे' असं म्हणून कोणालाही काही मिळत नाही. सहानुभूती मिळते, ती दोन आठवड्यांत आटते. एचआरला पाठवायच्या मेलचा मजकूर साधारण असा असावा, अर्थात इंग्रजीत:

"मी घरगुती हिंसाचाराची पीडित आहे. या कारणासाठी असलेल्या राज्याच्या कायद्यानुसार आणि कंपनीच्या धोरणानुसार मी पुढील गोष्टी मागत आहे. माझा डेस्क फोन नंबर बदलावा आणि कंपनीच्या डिरेक्टरीतून माझा मोबाइल काढावा. पुढील सहा आठवडे माझी कामाची वेळ दहा ते सहा असावी. रिसेप्शन आणि सिक्युरिटीला एका व्यक्तीचा फोटो द्यायची परवानगी मी देते; त्या व्यक्तीला आत सोडू नये आणि मी इमारतीत आहे की नाही हे सांगू नये. या तारखेला मला कोर्टात जायचं आहे, त्या दिवसाची रजा हवी. ही माहिती गोपनीय ठेवावी आणि ज्यांना कळवणं गरजेचं आहे त्यांची नावं मला सांगावीत. पुढील तीन दिवसांत लेखी उत्तर मिळावं."

यात मारहाणीचं वर्णन नाही, रडणं नाही. कोणी तपशील विचारले तर 'मी कागद देईन' एवढंच. कॅलिफोर्नियात पोलीस रिपोर्ट, कोर्टाचा आदेश, डॉक्टर वा समुपदेशकाचं पत्र, किंवा तुमचं स्वतःचं सही केलेलं निवेदनही चालतं. पोलिसांत गेलंच पाहिजे असं नाही. हे महत्त्वाचं, कारण पोलिसांना बोलवायला कृष्णवर्णीय बायका बिचकतात आणि आपल्या बायकाही, दोघींची कारणं वेगळी असली तरी. एकीला पोलीस काय करतील याची भीती असते, दुसरीला नवऱ्याच्या अटकेने घरातल्या सगळ्यांचाच व्हिसा जाईल याची.

पायरी ५: रजा

घरगुती हिंसाचारासाठी म्हणून देशभर लागू असलेली वेगळी रजा नाही. सगळं राज्यावर आहे. न्यू जर्सीचा 'सेफ ॲक्ट' २०१३ पासून लागू आहे: २५ किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपनीत वर्षभर आणि किमान १,००० तास काम झालेल्यांना २० दिवसांची बिनपगारी रजा. इलिनॉयमध्ये कंपनीच्या आकारानुसार ४, ८ किंवा १२ आठवडे. न्यूयॉर्क शहरात २०१८ पासून आजारपणाची रजा सुरक्षिततेसाठीही वापरता येते. पाच किंवा अधिक कर्मचारी असतील तर ती पगारी असते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून हे नियम नागरी हक्कांच्या कायद्यात आले आहेत, आणि नोकरीला घेताना व दरवर्षी हे हक्क लेखी कळवणं कंपनीवर बंधनकारक आहे. त्याच राज्यात कंपनी स्वतः कर्मचाऱ्याच्या वतीने कोर्टातून ऑफिसच्या जागेसाठी मनाई आदेश मागू शकते. एचआरमधल्या अनेकांना हे ठाऊक नसतं, तुम्ही सांगा.

तुमच्या राज्यात काहीच नसेल, तर दुखापत, नैराश्य, झोप उडणं यांसाठी डॉक्टरांच्या पत्रावर एफएमएलए लागू पडतो का ते पाहा. कंपनीत ५० माणसं, तुमची १२ महिन्यांची नोकरी आणि १,२५० तास, अशा त्याच्या अटी आहेत.

पायरी ६: पैसे आणि पाकिटं

पगार जॉइंट खात्यात जात असेल तर पेरोलमध्ये तो विभागता येतो. सगळाच एकदम वळवला तर लगेच लक्षात येतं; थोडा भाग वेगळ्या बँकेतल्या खात्यात, स्टेटमेंट फक्त ईमेलवर.

विमा हा नेहमी नजरेतून सुटणारा भाग. तुम्ही नवऱ्याच्या विम्यावर असाल आणि समुपदेशकाकडे किंवा इमर्जन्सीत गेलात, की काही आठवड्यांनी विमा कंपनीचं एक पाकीट घरी येतं. वर ठळक अक्षरात 'हे बिल नाही' असं छापलेलं, आणि खाली डॉक्टरचं नाव, तारीख, सेवेचा प्रकार. ते पॉलिसी ज्याच्या नावावर त्याच्या हातात पडतं. विमा कंपनीला फोन करून 'माझ्या जिवाला धोका आहे, माझी कागदपत्रं वेगळ्या पत्त्यावर पाठवा' अशी मागणी करता येते. ती त्यांना मान्य करावी लागते. घटस्फोटाने नवऱ्याचा विमा सुटला, तर तुमच्या कंपनीच्या विम्यात शिरायला ३० दिवस असतात.

४०१(के), म्हणजे कंपनीमार्फतच्या निवृत्ती बचत खात्यातले, पैसे मुदतीआधी काढले तर एरवी दहा टक्के दंड बसतो. २०२४ पासून जोडीदाराच्या छळाला बळी पडलेल्यांना, घटनेपासून वर्षभराच्या आत, सुमारे १०,००० डॉलर किंवा खात्यातल्या आपल्या हक्काच्या रकमेचा निम्मा भाग, यांपैकी जे कमी असेल तेवढे दंडाशिवाय काढता येतात. पुरावा लागत नाही, स्वतःचं निवेदन पुरतं. तीन वर्षांत परत भरले तर त्यावरचा करही परत मिळतो. अट एवढीच की तुमच्या कंपनीच्या योजनेने ही सोय घेतलेली हवी. एका अपार्टमेंटचं डिपॉझिट आणि वकिलाची पहिली फी त्यातून सुटते.

घर बदललंत की परदेशी नागरिकाने दहा दिवसांत इमिग्रेशन खात्याला नवा पत्ता कळवायचा असतो. बऱ्याच राज्यांत पीडितांना पर्यायी टपाल पत्ता देण्याची योजना आहे. कॅलिफोर्नियात तिला 'सेफ ॲट होम' म्हणतात. एचआरला तोच पत्ता द्या.

पायरी ७: नाही म्हटलं तर

इथे वही लागते. तारीख, कोण, काय म्हणालं, समोर कोण होतं. आणि दुसऱ्यांना काय मिळालं तेही. त्याच टीममधल्या गोऱ्या सहकाऱ्याला घटस्फोटाच्या काळात तीन महिने घरून काम मिळालं आणि तुम्हाला तेच नाकारलं, तर ही नुसती नाराजी उरत नाही. १५ किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला वंश, रंग, लिंग, मूळ देश यांवरून भेद करायला फेडरल कायद्याने बंदी आहे. त्या कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या ईईओसीने ऑक्टोबर २०१२ मध्ये घरगुती हिंसाचाराबद्दल वेगळी प्रश्नोत्तरं काढली. त्यातलं एक उदाहरण असं की छळ होतो हे कळल्यावर मालक बाईला काढून टाकतो, कारण मार खाणाऱ्या बायका ऑफिसात 'नाटक' आणतात अशी त्याला धास्ती. हा लिंगभेद धरला जाऊ शकतो, असं ईईओसी म्हणते.

तक्रारीची मुदत १८० दिवस, आणि जिथे राज्याची वा शहराची स्वतःची यंत्रणा आहे तिथे ३००. वकील असलाच पाहिजे असं नाही. एच-वनबीवर असताना तक्रार करायला भीती वाटणारच, कारण नोकरी गेली तर साधारण ६० दिवसच हातात असतात. म्हणूनच तक्रारीआधी बोलायचं ते संस्थेच्या वकिलाशी, शेजारच्या क्युबिकलमधल्या अनुभवी दादाशी नाही.

सहकारी किंवा मॅनेजर असाल तर

'तू त्याला सोडत का नाहीस?' विचारू नका. 'ऑफिसमधून काय बदललं तर तुला बरं पडेल?' हे विचारा आणि उत्तर आलं की त्याच दिवशी एचआरला लिहा. प्रत्येकीला तोच प्रश्न, तीच रजा, तोच फॉर्म. कोणाच्या बाबतीत मन द्रवतं आणि कोणाच्या बाबतीत शंका येते, हे स्वतःशी तपासा.

तुमची आणि नवऱ्याची ओळख असली, ढोलपथकात एकत्र वाजवत असलात, तरी मध्यस्थी करायला जाऊ नका. त्याने सहज म्हणून 'ती आज ऑफिसला आलीय का रे?' विचारलं, तर उत्तर 'मला माहीत नाही' एवढंच. आणि त्याने विचारल्याचं तिला लगेच कळवा, वेळेसकट, म्हणजे ती ते वहीत टिपून ठेवेल.